सर्व्हर ‘चालू करून दिला’ म्हणजे नेमकं काय केलं, हे लेखी मागा: नाशिकच्या लघुउद्योजकांना खुले पत्र

सातपूर, अंबड, गोंदे आणि सिन्नर-मुसळगावच्या लघुउद्योजकांना सप्रेम नमस्कार.

मी या वसाहतींमध्ये सर्व्हर बसवण्याचं आणि सांभाळण्याचं काम करते. तुमच्या कारखान्यात टॅली, ईआरपी, हजेरी, ड्रॉइंगचा साठा, ई-इनव्हॉइस हे सगळं ज्या एका डब्यावर चालतं, तो बहुतेक ठिकाणी अकाउंट्सच्या केबिनमागे नाहीतर स्टोअरच्या कोपऱ्यात असतो. त्या डब्याबद्दल हे पत्र आहे. प्रोसेसर जुना म्हणून सॉफ्टवेअरने नकार दिला आणि तो नकार डावलून ते बसवलं, असं तुमच्या सर्व्हरवर झालं असेल, तर ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे. ते कागदावर असलं पाहिजे. आणि तसं करायचं की नाही हे तुम्ही ठरवलेलं असलं पाहिजे. आज बऱ्याच ठिकाणी यातलं काहीच होत नाही.

हे आत्ता लिहिण्याला कारण आहे. एकाच डब्यावर चार-पाच सर्व्हर चालवण्यासाठी आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांनी व्हीएमवेअर कंपनीचं ईएसएक्सआय हे सॉफ्टवेअर घेतलं. त्याची फुकट आवृत्ती मिळायची, ती लहान कारखान्याला पुरायची, आणि एकदा बसवली की वर्षानुवर्षं कोणी तिच्याकडे बघायचं नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. त्याच डिसेंबरात कायमचा परवाना विकणं बंद झालं आणि वर्गणी आली. फेब्रुवारी 2024 मध्ये फुकट आवृत्ती बंद केली, एप्रिल 2025 मध्ये ती ईएसएक्सआय 8 च्या एका अपडेटसोबत परत दिली. या धावपळीच्या आधीच ईएसएक्सआय 6.5 आणि 6.7 चा आधार, म्हणजे कंपनीची मदत आणि नियमित अपडेट, ऑक्टोबर 2022 मध्ये संपून गेला होता, आणि 2 ऑक्टोबर 2025 ला 7 चाही संपला. म्हणजे आता नव्या त्रुटींचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, नियमित हव्या असतील तर निदान 8 वर जायला हवं. आणि आपल्या वसाहतींतले कितीतरी डबे 2011-12 च्या काळातले आहेत. ते 8 वर न्यायला गेलं की प्रोसेसर अडतो.

जुन्यावरच बसून राहू, चालतंय ना, असं कोणी म्हणेल. फेब्रुवारी 2023 मध्ये जगभरातल्या हजारो ईएसएक्सआय सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. त्यात मुख्यतः ज्या भोकावाटे शिरकाव झाल्याचं सांगितलं गेलं, त्याचा पॅच फेब्रुवारी 2021 मध्ये, म्हणजे दोन वर्षं आधीच आलेला होता. मार्च 2025 मध्ये पुन्हा अशा त्रुटी उघड झाल्या ज्यांचा गैरवापर आधीच सुरू झालेला होता. तेव्हा 7 ला पॅच मिळाला. पुढच्या वेळी मिळेल याचा भरवसा राहिलेला नाही. त्यामुळे अपडेट करायला निघालेला तुमचा कंत्राटदार चुकत नाहीये. प्रश्न पुढच्या पायरीचा आहे.

त्या पायरीला पडद्यावर काय होतं ते नीट सांगते, कारण तुम्ही त्या वेळी खोलीत नसता. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू होतो. अटी मान्य करा, डिस्क निवडा, कीबोर्ड निवडा, रूटचा पासवर्ड दोनदा टाका, इथपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर तो यंत्र तपासतो आणि एक चौकट येते. तिच्यात सीपीयू सपोर्ट एरर असं लिहिलेलं असतं, आणि पुढे मजकूर असतो की या यंत्रातला प्रोसेसर या आवृत्तीत समाविष्ट नाही. तुम्ही हे डावलून जबरदस्तीने बसवू शकता, पण त्याला आमचा अधिकृत आधार नाही आणि आमची तशी शिफारसही नाही. कंपनीने स्वतः, स्वतःच्या पडद्यावर, इतक्या स्पष्ट शब्दांत हे लिहून ठेवलेलं आहे. हे वाक्य वाचणारा माणूस मात्र एकटा तंत्रज्ञ असतो. ज्याचा सर्व्हर आहे त्याच्यापर्यंत ते पोचत नाही.

पुढे तंत्रज्ञ मशीन पुन्हा चालू करतो. इन्स्टॉलर लोड व्हायला लागला की पहिल्या काही सेकंदांत शिफ्ट आणि ओ ही बटणं एकत्र दाबायची. पडद्याच्या तळाशी एक ओळ उघडते. तिच्या शेवटी एक जागा सोडून ‘अलाऊ लेगसी सीपीयू’ हा पर्याय ‘ट्रू’ करायचा आणि एंटर मारायचं. आता तीच चौकट अडवत नाही, फक्त इशारा देते, आणि पुढे जाता येतं. चालू सर्व्हरला कमांडवरून अपग्रेड करत असाल तर ‘नो हार्डवेअर वॉर्निंग’ नावाचा पर्याय जोडायचा, परिणाम साधारण तोच. काम मिनिटाभराचं आहे आणि ते करायला फार अक्कल लागत नाही. म्हणूनच ते इतकं सर्रास होतं.

तुमच्या शॉपमध्ये पॉवर प्रेसला दोन हातांची बटणं असतात. ऑपरेटरने एक बटण तारेने बांधून ठेवलं तर प्रेस बंद पडत नाही, उलट उत्पादन वाढतं, आणि सेफ्टी ऑडिटला कोणी आलं तरच ते कळतं. तुम्ही ते खपवून घेत नाही. सर्व्हरच्या बाबतीत तेच बटण बांधलेलं आहे आणि त्याची तुम्हाला खबरसुद्धा नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी, नाहीतर हे पत्र निव्वळ भीती घालणारं होईल. प्रोसेसरच्या नावाने येणारा प्रत्येक नकार सारखा नसतो. काही नकार बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, एका सेटिंगने सुटतात, काही खरोखर सुटू शकत नाहीत, आणि मधले काही या डावलण्याच्या पर्यायाने वरवर सुटतात. तिन्ही वेगळे ओळखणं हेच तुमच्या तंत्रज्ञाचं खरं कौशल्य. त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो.

सेटिंगचं बघा. ‘हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन उपलब्ध नाही किंवा बायोसमध्ये चालू नाही’ असा इशारा आला की ऑफिसात लगेच चर्चा सुरू होते, मशीन जुनं झालं, नवं घ्या. इंटेलच्या बोर्डावर हे सेटिंग व्हीटी-एक्स किंवा नुसतं व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी या नावाने असतं, एएमडीवर एसव्हीएम नावाने. सोबत एक्झिक्यूट डिसेबल किंवा नो-एक्झिक्यूट नावाचं संरक्षण चालू असावं लागतं. जुन्या डब्यांमध्ये मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा गोल सेल संपलेला असतो. मग कारखान्याची वीज गेली, यूपीएस उतरला की बायोस आपली सगळी सेटिंग विसरतो आणि मूळ स्थितीला जातो. कित्येक बोर्डांवर त्या मूळ स्थितीत हे सेटिंग बंदच असतं. मे-जूनमध्ये वळवाच्या वाऱ्यात अंबडची वीज जाते-येते, त्या आठवड्यांत मला असे फोन ठरलेले. सेल बदला, तारीख-वेळ लावा, सेटिंग चालू करा, आणि नुसतं रीस्टार्ट न करता मशीन पूर्ण बंद करून वायर काढून पुन्हा लावा, कारण काही बोर्डांवर हा बदल त्याशिवाय लागूच होत नाही. अशा ठिकाणी नवा सर्व्हर घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

नवं मशीन घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. सर्व्हर महाग म्हणून काही जण बाराव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा चांगला डेस्कटॉप घेतात आणि त्यावर ईएसएक्सआय टाकायला सांगतात. 2021 च्या अखेरीस आलेल्या या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये दोन जातींचे कोअर असतात, ताकदीचे वेगळे आणि वीज वाचवणारे वेगळे. ईएसएक्सआयला सगळे कोअर एकसारखे लागतात. ते तसे दिसले नाहीत की जांभळा पडदा येतो आणि कोअरची गुणवैशिष्ट्यं जुळत नाहीत असं सांगून मशीन थांबतं. यालाही वळसा आहे, बूटच्या ओळीत एकसारखेपणाची सक्ती बंद करणारा पर्याय देता येतो. त्यापेक्षा बायोसमध्ये छोटे कोअर बंद करणं मला जास्त स्वच्छ वाटतं. कोअर कमी होतात, पण काय केलं ते दिसतं. त्याच डेस्कटॉपवर बहुधा रिअलटेकचं नेटवर्क कार्ड असतं. जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर 7 पासून काढून टाकल्यामुळे तेही अडतं, पण ते वेगळं दुखणं.

आता जे नकार खरोखर सुटत नाहीत ते. प्रोसेसरच्या यादीतलं नाव आणि प्रोसेसरच्या अंगातली ताकद या दोन गोष्टी आहेत. ईएसएक्सआयची ती चौकट प्रोसेसरचा कुटुंब-क्रमांक आणि मॉडेल-क्रमांक यादीशी ताडून पाहते. यादीत बसला नाही याचा अर्थ कंपनीने या प्रोसेसरवर ही आवृत्ती तपासलेली नाही आणि ती तपासणार नाही. म्हणून डावलल्यावर ते बऱ्याचदा चालतं. पण काही सॉफ्टवेअरला विशिष्ट सूचना-संच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच, लागतोच, आणि तो सिलिकॉनमध्ये नसेल तर कुठलाही पर्याय तो आणून देत नाही. मोंगोडीबी या डेटाबेसची 5.0 आवृत्ती एव्हीएक्स नावाचा संच मागते, आणि इंटेलमध्ये एव्हीएक्स 2011 च्या सँडी ब्रिजपासून आलं. रेड हॅट लिनक्सची 9 वी आवृत्ती एक्स86-64 या सूचना-संचाची दुसरी पातळी मागते, मे 2025 मध्ये आलेली 10 वी तिसरी पातळी मागते, म्हणजे इंटेलच्या सर्व्हरमध्ये 2014 च्या आसपासच्या हॅसवेलपासून पुढचे. वेस्टमिअर काळातल्या, म्हणजे एक्स5650 सारखा प्रोसेसर असलेल्या डब्यावर ईएसएक्सआयची एखादी आवृत्ती जबरदस्तीने बसली, तरी वर चढवलेला नवा ईआरपी तिथे उठेलच असं नाही. तो बंद पडेल तेव्हा दोष ईआरपीवाल्याच्या माथी जाईल.

याच जातीचा एक फसवा प्रकार प्रॉक्समॉक्स या ईएसएक्सआयसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. डबा चांगला, प्रोसेसर समर्थ, तरीही आतल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे त्या डब्यावर चालणाऱ्या एखाद्या सर्व्हरमध्ये, नवं लिनक्स टाकलं की सुरू होतानाच ‘प्रोसेसर दुसरी पातळी पेलत नाही’ म्हणून ते कोसळतं. कारण 8 च्या आधीच्या प्रॉक्समॉक्सने त्या मशीनला मुद्दाम फार जुन्या धाटणीचा प्रोसेसर दाखवलेला असतो, केव्हीएम64 नावाचा. व्हर्च्युअल मशीनच्या हार्डवेअरमध्ये जाऊन प्रोसेसरचा प्रकार बदलला की झालं. एकच डबा असेल तर ‘होस्ट’ निवडावा. वेगवेगळ्या वयाचे दोन डबे असतील आणि चालू मशीन एकावरून दुसऱ्यावर हलवायचं असेल तर दोघांनाही पेलेल अशी पातळी निवडावी. हे काही डावलणं नाही, ही योग्य जुळणी आहे. ती करणाऱ्या तंत्रज्ञावर संशय घेऊ नका.

मधल्या प्रकाराबद्दल, म्हणजे डावलून बसवलेल्या सर्व्हरबद्दल, अंबडमधल्या एका टर्निंगच्या कारखान्यात मी जे पाहिलं ते सांगते. डबा सँडी ब्रिज काळातला, आधीच्या कोणी तरी त्यावर 8 बसवलेलं. महिनोन्‌महिने कुरकुर न करता चाललेलं. मग एक सुरक्षा पॅच लावायला गेले तर अपडेटने हार्डवेअर तपासणीत अडवलं. हाताखालच्या मुलाला त्या संदेशातला फक्त प्रोसेसर हा शब्द कळला. त्याने वर सांगितलं, प्रोसेसर गेला. मालकांनी मदरबोर्ड बदलायची तयारी केली, अकाउंट्सने घाबरून टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर काढायला घेतला, डिस्पॅचची बिलं अडली. मी बूटची फाइल, म्हणजे सर्व्हर सुरू होताना वाचतो ती, उघडली. एका ओळीच्या शेवटी ‘अलाऊ लेगसी सीपीयू’चा तो पर्याय होता. कोणी टाकला, का टाकला, कुणाला विचारून टाकला, याची कुठेही नोंद नव्हती. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, वहीत त्या भेटीपुढे दोनच शब्द होते, ‘सर्व्हर अपडेटेड’. प्रोसेसरला काहीही झालेलं नव्हतं. नोंद असती तर ज्या मुलाने पॅच लावला त्याला पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

माझा आक्षेप या नोंद नसण्यावर आहे. डावलण्याला माझा सरसकट विरोध नाही. ज्या मशीनवर बॅकअपची दुसरी प्रत राहते, ज्यावर नवा ईआरपी आधी चाचणीला लावतात, ज्यावर शिकाऊ मुलं हात बसवतात, तिथे जुन्या डब्यावर जबरदस्तीने 8 चालवायला माझी काहीच हरकत नाही. आणि इंटरनेटला जोडलेल्या, पॅच बंद झालेल्या 6.5 पेक्षा डावलून बसवलेलं पण पॅच लावलेलं 8 मला कमी धोक्याचं वाटतं, हेही सांगून टाकते. पण ज्या डब्यावरून तुमचा पगार निघतो, ज्यावर ग्राहक कंपनीची ड्रॉइंग आहेत, जो बंद पडला तर गेटवर उभ्या गाडीचं ई-वे बिल निघत नाही, तिथे हा मार्ग कायमचा म्हणून चालणार नाही. पुढच्या पॅचमध्ये एखादा बदल असा येऊ शकतो की त्या प्रोसेसरवर तो कुणी तपासलेलाच नसेल. जांभळा पडदा आला तर कंपनीच्या मदतीचं दार तुम्हाला बंद आहे, वर्गणी भरलेली असली तरी. शिवाय प्रोसेसरच्या अंगातल्या त्रुटींचं काय? जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या तशा त्रुटी उघड झाल्यावर इंटेलने त्याच एप्रिलमध्ये सांगून टाकलं की काही जुन्या प्रोसेसर-कुटुंबांना मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कोडची, दुरुस्ती मिळणार नाही. जुन्या प्रोसेसरचं हे पुढे होतच जाणार, आणि बूटच्या ओळीतला शब्द त्यावर इलाज नाही.

मग करायचं काय? डबा मजबूत आहे, डिस्क चांगल्या आहेत, पैसा आत्ता नाही, असं असेल तर प्रॉक्समॉक्सवर जा. त्याला चौसष्ट-बिटचा आणि व्हर्च्युअलायझेशन असलेला प्रोसेसर पुरतो, मॉडेलची यादी घेऊन तो दारात उभा राहत नाही. परवान्याचा खर्च नाही, हवी असल्यास वर्गणी घेऊन तपासलेले अपडेट मिळतात. 2024 पासून ईएसएक्सआयवरची मशीन थेट आत ओढून घेण्याची सोयही त्यात आली आहे. मात्र हलवण्याचं काम घाईत करू नका. विंडोजच्या मशीनमध्ये व्हर्ट-आयओचे ड्रायव्हर आधी टाकून ठेवावे लागतात, नाहीतर नव्या जागी ते डिस्कच ओळखत नाही आणि निळ्या पडद्यावर अडकतं. ईआरपीचा परवाना नेटवर्कच्या मॅक क्रमांकाला बांधलेला असेल तर तो क्रमांक जसाच्या तसा नेला पाहिजे. आणि जुना डबा निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत पुसू नये. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरुवात करून संध्याकाळी बिल छापून बघायचं, असं नियोजन असेल तर हे नीट होतं. प्रॉक्समॉक्सने सूचना-संच मात्र वाढत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

विंडोज सर्व्हरचा परवाना आधीच घेतलेला असेल तर मायक्रोसॉफ्टचं याच कामाचं हायपर-व्हीही आहे. 2016 पासून त्याला स्लॅट नावाची सोय प्रोसेसरमध्ये लागते, आणि झिऑनच्या 2009 नंतरच्या बहुतेक डब्यांत ती असते.

सेकंड हँड सर्व्हर घ्यायचा असेल तर कोटेशनवर रॅम आणि हार्ड डिस्क यांच्याआधी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक मागा. ‘झिऑन, दहा कोअर’ एवढ्यावर पैसे देऊ नका. ई5-2600 मालिकेत क्रमांकाच्या शेवटी काहीच नसेल तर तो 2012 चा, व्ही2 असेल तर 2013 चा, व्ही3 म्हणजे 2014, व्ही4 म्हणजे 2016. एकाच डेल आर720 च्या डब्यात शेपूट नसलेलाही बसतो आणि व्ही2 ही बसतो, आर730 मध्ये व्ही3 आणि व्ही4. एचपीच्या जेन8 आणि जेन9 चंही तसंच. बाहेरून डबा सारखाच दिसतो, किमतीत फरक थोडा असतो, आणि आयुष्यात फरक मोठा. जी आवृत्ती चालवायची आहे तिच्या अधिकृत सुसंगतता-यादीत तो क्रमांक आहे का, हे पैसे देण्याआधी बघायला दहा मिनिटं लागतात. आणि आजच पुढचंही बघा. ईएसएक्सआय 8 चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर 2027 मध्ये संपतो. त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची स्नानं आहेत, शहरातले रस्ते आणि माणसं दोन्ही अडकलेली असणार. त्या दिवसांत सर्व्हर बदलायचं काम कोणी अंगावर घेऊ नये, म्हणून ते 2027 च्या उन्हाळ्याआधीच उरका.

आता थोडं तुमच्याबद्दल बोलते, राग मानू नका. हा पर्याय गुपचूप टाकला जातो तेव्हा तो टाकणारा बहुतेक वेळा वीस-बावीस वर्षांचा मुलगा असतो, पॉलिटेक्निक करून नुकता कामाला लागलेला. सर्व्हर खाली केलेला असतो, दर दहा मिनिटांनी ऑफिसमधून ‘झालं का’ म्हणून फोन येत असतो, त्याच्या कंपनीचा साहेब फोन उचलत नसतो. त्याने पडद्यावरचं वाक्य वाचलेलं असतं, आणि त्याला हेही माहीत असतं की ‘हे मशीन 8 ला चालणार नाही’ असं सांगितलं तर ‘तुला जमत नाही, दुसरा बोलवतो’ असं उत्तर मिळेल. मग तो शिफ्ट आणि ओ दाबतो. या वसाहतींमध्ये अशी पोरं मी रोज बघते, ती मेहनती आहेत. नकार घेऊन तुमच्यासमोर येण्याची मुभा त्यांना तुम्हीच देऊ शकता. जो तंत्रज्ञ येऊन सांगतो की साहेब, बसवता येईल पण कंपनी याला आधार देत नाही, तुम्ही ठरवा, तो काम टाळत नसतो. त्याच्या त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कापू नका.

निमा आणि आयमा या आपल्या संघटनांनाही विनंती आहे. एएमसीच्या कराराचा एक साधा मराठी नमुना सभासदांना द्यावा, ज्यात सर्व्हरच्या बाबतीत काय लिहून घ्यायचं ते असेल. प्रत्येक लहान कारखान्यात संगणक विभाग नसतो. करार वाचणारा माणूस बहुधा अकाउंटंट असतो, आणि त्याला विचारायचे प्रश्न हाताशी दिले तर तो ते नक्की विचारेल.

तोवर ज्यांची एएमसी येत्या काही दिवसांत नव्याने होणार आहे त्यांनी करारात एवढा मजकूर घालून घ्यावा: “सर्व्हरवर कोणतंही सॉफ्टवेअर प्रोसेसर किंवा अन्य हार्डवेअरच्या सुसंगततेची तपासणी डावलून बसवायचं असल्यास, आलेल्या संदेशाचा फोटो, डावलण्यासाठी वापरलेला पर्याय, त्याचे परिणाम आणि दुसरा मार्ग कोणता हे मालकाला आधी लेखी कळवलं जाईल. मालकाच्या सहीनंतरच काम होईल. त्याची एक प्रत सर्व्हरच्या डब्यावर चिकटवलेल्या पाकिटात राहील.” आणि आज ज्यांच्याकडे ईएसएक्सआय आहे त्यांनी आपल्या तंत्रज्ञाला बूटची फाइल उघडून तिच्या शेवटच्या ओळी छापून द्यायला सांगावं. तो पर्याय सापडला तर मशीन लगेच बंद करू नका आणि त्या मुलावर ओरडूही नका. आधी बॅकअप खरोखर परत चढतो का ते तपासून घ्या, मग पुढचं ठरवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सर्व्हर आणि नेटवर्किंगचं काम करणारी एक कंत्राटदार,
सिडको, नाशिक